शिधावाटप, पार्सिपनी शाखा

आप्पांना पक्ष्यांची आवड आहे, असा त्यांच्या मुलाचा समज आहे. तो त्याने खुशाल बाळगावा. आम्ही शेजारी आहोत आणि आमचं ठाम मत असं की आप्पांना आवड आहे ती वाटपाची. सोलापूर जिल्ह्यात पुरवठा खात्यात त्यांचा जन्म गेला. कारकून म्हणून लागले, निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून हाताखाली ना गोदाम, ना दुकानदार, ना रांग. अशा माणसाला न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत मुलाच्या घरामागे एक लोखंडी खांब, चार टांगती भांडी आणि बर्फात भुकेलेली पाखरं सापडली. पुढचं सगळं ओघानेच आलं.

लोकांचे आईवडील अमेरिकेत मे-जूनमध्ये येतात, नायगारा बघतात, परत जातात. आप्पा ऑक्टोबरअखेरीला उतरतात आणि एप्रिलमध्ये सहा महिने पुरे व्हायच्या आत निघतात. एकदा विमानतळावर अधिकाऱ्याने सहज विचारलं, ऐन थंडीत कशाला आलात? आप्पा म्हणाले, "इथं माझं काम असतं." पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारू नये. त्यांच्या पत्नी माईंनी "बर्ड्स, बर्ड्स" म्हणत दोन्ही हात फडफडवून दाखवले तेव्हा कुठे शिक्का पडला. जुंको नावाची राखी रंगाची पाखरं नेमकी ह्याच सुमारास कॅनडातून खाली येतात आणि एप्रिलच्या आसपास परत जातात. त्यांना कुणी काही विचारत नाही, ह्याचा आप्पांना अजून राग आहे.

पहिल्या वर्षी मुलाने दुकानातून स्वस्तातल्या मिश्र दाण्याची पिशवी आणली. आप्पांनी मूठभर दाणे तळहातावर पसरले, बोटाने वेगळे केले आणि ओरडले, "मिलो!" मुलाला वाटलं, कुणी ओळखीचं भेटलं. एका अर्थी भेटलंच होतं. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली ही तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची, आणि आप्पा खात्याला चिकटले ते त्याच वर्षी. दिवसभर ती मापून द्यायची आणि रात्री घरी तिचीच भाकरी खायची. मंगळवेढ्याची ज्वारी खाल्लेल्या तोंडाला ती काय चव लागणार, पण पोट भरत होतं. आता तोच मिलो अमेरिकन पाखरं चोचीने उडवून बाहेर भिरकावत होती. अमेरिकेच्या पूर्व भागातले बहुतेक पक्षी मिलोला तोंड लावत नाहीत. पिशवी स्वस्तात भरावी म्हणून तो घातलेला असतो. हे कळल्यावर आप्पा दिवसभर जेवले नाहीत, असं मुलगा सांगतो. माई म्हणतात, जेवले, बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "आम्ही रांगेत उभं राहून नेली, अन् ह्यांची पाखरं फेकू लागलीत." खाली सांडलेले चार दाणे होल्यांनी टिपले, म्हणून होल्यांना त्यांच्याकडे कायमचं पिवळं कार्ड आहे.

कार्डं खरोखरच आहेत. वहीत रकाने आखून पक्ष्यांची पिवळं, केशरी आणि पांढरं अशी प्रतवारी केलेली आहे. ब्लू जे नावाचा निळा, दांडगा पक्षी एका खेपेला घशात शेंगदाणे कोंबून नेतो; त्याला पांढरं कार्ड, म्हणजे हक्क जवळपास शून्य. चिकॅडी दहा-बारा ग्रॅमची, कडाक्याच्या रात्री अंगातली ऊब वाचवायला स्वतःचं तापमान कित्येक अंशांनी खाली आणते, आणि एका वेळी एकच दाणा उचलून फांदीवर जाऊन फोडते. "एकच उचलते," आप्पा भरल्या गळ्याने सांगतात, "दुसरा मागत नाही." चिकॅडीला अंत्योदय.

धान्याच्या दर्जाबाबत तडजोड नाही. सूर्यफूल काळ्या सालीचंच हवं. त्याची साल पातळ आणि आत तेल जास्त, पट्टेरी बी फोडताना लहान चोचींचा जीव जातो. लालभडक कार्डिनलसाठी करडई. ती खारींना फारशी रुचत नाही, हा वरचा फायदा. जुंकोंना जमिनीवर वरीसारखे बारीक पांढरे दाणे, त्यामुळे माईंच्या लेखी जुंकोंना रोजच एकादशी. पिवळ्या गोल्डफिंचसाठी 'नायजर' नावाचं महागडं काळं बी आणलं, तेव्हा माईंनी चिमूट हुंगून निकाल दिला, "अहो, हे कारळे." होतेच. परदेशातून येणाऱ्या ह्या बियांत मिसळलेलं तण इथे रुजू नये म्हणून ते गरम करून मगच अमेरिकेत आत घेतात. माई म्हणाल्या, "अर्धवट भाजलेत. चटणीला चालायचे नाहीत." पिशवी पक्ष्यांसाठी आहे, हा मुद्दा त्यांना गौण वाटला.

खरी अडचण सुतार पक्ष्याने केली. त्याला थंडीत चरबीची वडी लागते, असं वाचून सूनबाईंनी ती आणली. आप्पा माळकरी. त्यांनी भिंग घेऊन वेष्टन वाचलं. गाईची चरबी. वडी तिथल्या तिथे गॅरेजमध्ये हद्दपार झाली आणि आप्पांनी आंघोळ केली. पण सुतार रोज रिकाम्या जाळीवर येऊन टकटक करायचा, आणि कार्डधारक रिकाम्या हाताने परत गेला तर झोप न लागणारा हा माणूस. शेवटी त्यांनी बिनमिठाचं पीनट बटर आणि मक्याचं पीठ मळून स्वतःच्या हाताने वडी थापली. सुताराने ती खाल्ली. माईंनी भारतात सगळ्यांना फोन करून कळवलं, "ह्यांनी सुताराला माळ घातली."

खारींबद्दल आप्पांचं मत आधी चांगलं होतं. सेतू बांधताना मदत केली, रामाने पाठीवरून बोटं फिरवली वगैरे. पण इथली राखाडी खार आपल्या खारीच्या कितीतरी पट मोठी, आणि पाठीवर पट्टे नाहीत. पहिल्या आठवड्यात तिने भांडं उलटं करून सगळा कोटा रिचवल्यावर आप्पा म्हणाले, "हिला रामाचा हात लागला नाही, तो उगाच नाही!" तेव्हापासून खार म्हणजे काळाबाजार. खांबाला मध्यावर पत्र्याची घुमटी बसवली. भांडी जमिनीपासून पाच फूट वर आणि झाडापासून दहा फूट लांब नेली. मग दाण्याला लाल तिखट चोळलं. पक्ष्यांना तिखट झोंबत नाही, सस्तन प्राण्यांना झोंबतं, हे विज्ञान आहे. तिखट मात्र सोलापूरहून आणलेलं होतं. खार दोन दिवस शिंकली, तिसऱ्या दिवशी पाणी पिऊन आली, चौथ्या दिवसापासून तिला त्याशिवाय जेवण जाईना.

कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा ही संस्था मिळून 'प्रोजेक्ट फीडरवॉच' चालवतात. हिवाळ्यात लागोपाठ दोन दिवस आपल्या अंगणातले पक्षी मोजायचे आणि आकडा कळवायचा. उत्तर अमेरिकाभर हे १९८७पासून चालू आहे. नियम असा की त्या जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तोच आकडा धरायचा. तीन चिकॅड्या दिवसभरात शंभर फेऱ्या मारतील, नोंद तीनचीच. मुलाने हे वाचून दाखवलं तेव्हा आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. बोगस कार्डं पकडायचा इतका साधा उपाय त्यांना उभ्या नोकरीत सुचला नव्हता. "ह्यांच्यात नक्की कुणीतरी आपल्या खात्यातला आहे," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

एका सकाळी शिक्र्याच्या कुळातला कूपर्स हॉक झाडीतून सुटला. अख्खी रांग क्षणात गुल, एक होला कमी. माई हळहळल्या. आप्पांनी वहीत लिहिलं : "वरिष्ठांची अचानक भेट."

शेजारच्या अमेरिकन बाई एकदा आपल्या चिमण्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, ह्यांना घालू नका, ह्या इथल्या नव्हेत. खरं आहे. घरचिमण्या ब्रुकलिनमध्ये १८५०च्या सुमारास आणून सोडल्या, आणि स्थलांतरित पक्ष्यांचं रक्षण करणारा १९१८चा कायदा त्यांना लागू नाही. आप्पा विचारात पडले. मुलाचं ग्रीन कार्ड कित्येक वर्षं रांगेत आहे. "पावणेदोनशे वर्षं झाली," ते बाईंना मराठीत म्हणाले, "अजून कागद झाले नाहीत?" चिमण्यांना केशरी कार्ड मिळालं. बाईंना काय कळलं कोण जाणे; दुसऱ्या दिवशी त्या सूर्यफुलाची पिशवी ठेवून गेल्या.

दर दोन आठवड्यांनी दुकान बंद असतं. आप्पा हातमोजे घालून भांडी नऊ भाग पाणी, एक भाग ब्लीचने धुतात, कारण घाणेरड्या भांड्यांवरून फिंचांमध्ये डोळ्यांचा रोग पसरतो. तेवढ्या वेळात खांबाभोवती जमलेल्या पाखरांना ते खिडकीतून हाताने 'थांबा' अशी खूण करतात. पाखरं थांबत नाहीत. सोलापुरातही कुणी थांबत नसे.

मार्चअखेरीला हे सगळं उतरवावं लागतं. त्या सुमाराला अस्वलं जागी होतात, आणि दाण्याची भांडी त्यांना थेट माणसाच्या दारात आणतात. म्हणून अस्वलं झोपलेली असतील तेवढेच महिने दाणे घाला, असं इथल्या सरकारचं सांगणं आहे. आप्पा खांब उपटतात, उरलेला साठा मोजतात, वही मुलाच्या हवाली करतात आणि चार्ज दिल्याची त्याची सही घेतात. कुणाला वाटप बघायचं असेल तर डिसेंबर ते मार्च, सकाळी सात ते दहा या वेळात जरूर यावं. मागच्या दाराने या, पायांतले बूट बाहेर काढा, आणि आप्पांसमोर मिलोला नावं ठेवू नका.