विद्यापीठ चौकातले प्रात्यक्षिक

सिस्टिम्स इंजिनिअरिंग, आंतरविद्याशाखीय एआय... पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या अशा भारदस्त नावांची पुण्यात सध्या चलती आहे. पहिल्याच धड्याचे सार असे की, काहीही बांधण्याआधी ते मोडीत निघेपर्यंतच्या आयुष्याचा आणि शेजारी काय येणार आहे त्याचा विचार करावा.

प्रात्यक्षिकासाठी लांब जायला नको. विद्यापीठाच्या गेटसमोर २००६ च्या सुमारास उड्डाणपूल उभा राहिला. २०२० च्या जुलैत, कोरोनामुळे रस्ते ओस असताना, तो पाडला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला तो आडवा येत होता. वय जेमतेम चौदा; दहावीसुद्धा झाली नव्हती. मग त्याच जागी दुमजली पूल आला: खाली मोटारी, वर मेट्रो. दोन विद्याशाखा अखेर एका खांबावर आल्या. फी तेवढी पुणेकरांनी दोनदा भरली.

याच विद्यापीठाच्या आवारात बिऱ्हाड थाटलेल्या सी-डॅकने, १९८८ मध्ये स्थापन होऊन तीनच वर्षांत, ‘परम ८०००’ हा महासंगणक देशाला दिला होता. पुढे गेटसमोरच्या पुलाबद्दल महासंगणकवाल्यांना विचारायचे कुणाच्या डोक्यात आले असेल, असे दिसत नाही.

साहजिकच आहे. त्यांचा विभाग वेगळा.