बंद पडली की वारसा!

जुन्या टॉकीजमध्ये ‘पिंजरा’ पुन्हा लावावा, अशी हुक्की आम्हा बीडकरांना अधूनमधून येते. सिनेमा १९७२चा. त्याच साली अख्खा मराठवाडा दुष्काळी कामावर खडी फोडत होता, ते सोडा! पुढच्या बाकड्यांवर शिट्ट्या मारणारा गडी दसरा झाला की कोयता घेऊन उसाच्या फडात. मग बघणार कोण? पाहुणे! हार, नारळ, शाल, तासभर भाषणं. पडदा उजळेतो निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ‘पिंजरा’ काढणाऱ्या शांतारामबापूंनी सिनेमात हे आधीच दाखवलंय म्हणा: गाव मास्तरांच्या पुतळ्यापुढे हात जोडतं आणि जित्या मास्तरांवर त्यांच्याच खुनाचा खटला चालतो. टॉकीजचंही तेच. चालू होती तेव्हा उनाड पोरांचा अड्डा. बंद पडली की लगेच सांस्कृतिक वारसा!