लाइफटाइमवाले

पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या कुठल्याही टॉवरमध्ये एक तरी लाइफटाइमवाले सापडतातच. चाळिशी ओलांडलेली, नोकरी हिंजवडीत. माणूस कंजूष नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मित्रांत मिसळीचं बिल द्यायला पहिला हात खिशात जातो तो यांचाच. पण एकदा पैसे दिले की विषय संपला पाहिजे. तेच अ‍ॅप दर महिन्याला पुन्हा हात पसरून उभं राहिलेलं त्यांना खपत नाही.

गंमत अशी, की पुनावळ्यात फ्लॅट घेतला तेव्हाच त्यांनी दरमहा देण्याचं व्रत घेतलं. ईएमआय, मेंटेनन्स, वर टँकरचा वाटा. हे सगळं ते तारखेच्या आधी, चकार शब्द न काढता भरतात. सगळा राग साठवून ठेवलेला असतो तो फोनसाठी.

दुखणं जुनं आहे. 2006च्या सुमारास मोबाइल कंपन्यांनी 999 रुपयांत ‘लाइफटाइम’ प्रीपेड काढलं. एकदा भरा, इनकमिंग जन्मभर. नव्या नोकरीच्या पगारातून यांनी ते कौतुकानं घेतलं. 2018च्या अखेरीस कंपन्यांनी किमान 35 रुपयांचं मासिक रिचार्ज आणलं आणि तो जन्म बारा वर्षांत आटोपला. तरीही ‘लाइफटाइम’ शब्द दिसला की यांचे डोळे चमकतात. पहिल्या प्रेमाचं असंच असतं म्हणे.

गूगल फोटोजनं 1 जून 2021पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि 15 जीबीची वेस आखली. तेव्हापासून रविवारची संध्याकाळ साफसफाईची. सोफ्यावर मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून लाइफटाइमवाले एकेक फोटो उडवत बसतात. मावशींचे ‘शुभ सकाळ’, मॉलच्या पार्किंगमधला खांब क्रमांक, सत्यनारायणाच्या प्रसादाचे एकसारखे नऊ फोटो.

“अहो, महिन्याचे एकशेतीस तर रुपये. भरा आणि मोकळे व्हा.”

“भरल्यावर मोकळं होता येत नाही, तोच तर घोळ आहे!”

हेच गृहस्थ सोमवारी ऑफिसात काय विकतात? तर सॉफ्टवेअर, माणशी दरमहा दरानं. एखादं गिऱ्हाईक सुटलं तर ‘चर्न’ वाढला म्हणून यांची झोप उडते. अँड्रॉइड दरवर्षी बदलतं, प्ले स्टोअर अ‍ॅप नव्या आवृत्तीला जुळवून मागतं, सर्व्हरचं भाडं थांबत नाही. एकदा घेतलेल्या तीनशे रुपयांत दहा वर्षांची डागडुजी कशी परवडणार, हे ते गिऱ्हाइकाला इतकं कळकळीनं पटवतात की ऐकणाऱ्याला अ‍ॅपवाल्याची दया यावी. 2016 साली अ‍ॅपलनं सगळ्या प्रकारच्या अ‍ॅपना सबस्क्रिप्शनची दारं उघडली आणि वर्षभर टिकलेल्या गिऱ्हाइकामागचं आपलं कमिशन 30 टक्क्यांवरून 15वर आणलं, मग अ‍ॅपवाले दरमहाकडे वळणारच, हेही त्यांना तोंडपाठ. पण हे ज्ञान आयकार्डासोबत ऑफिसच्या बॅगेत राहतं.

बरं, दरवर्षी पैसे द्यायला यांची मुळात ना आहे असंही नाही. कालनिर्णय दरवर्षी नवं येतं. पुण्याच्याच क्विक हीलचं अँटीव्हायरस त्यांनी कित्येक वर्षं मुदत संपली की पुन्हा घेतलं. दुकानातून खोकं यायचं, खोक्यात सीडी असायची. सीडी होती तोवर ती खरेदी होती. तोच व्यवहार फोनात शिरला की खंडणी.

नोटॅबिलिटीचा किस्सा ते सिंहगड सर केल्यासारखा सांगतात. नोव्हेंबर 2021मध्ये टिपणं काढायच्या या अ‍ॅपनं एकरकमी विक्री बंद करून वर्गणी लावली, जुन्या गिऱ्हाइकांनी जगभर ओरड केली आणि काही दिवसांतच कंपनीनं त्यांची जुनी सोय कायम ठेवली. यांच्याकडे आयपॅड नाही आणि ते अ‍ॅप त्यांनी कधी उघडलेलंही नाही. विजय मात्र आपल्या बाजूचा.

एकरकमी म्हटलं की त्यांचा हात किती सैल सुटतो, ते पाहायचं तर पार्किंगमध्ये जावं. तिथे आकुर्डीच्या बजाजची इलेक्ट्रिक चेतक अर्बेन उभी आहे. साधी घेतली असती तर ताशी 63 किलोमीटर. ‘टेकपॅक’चे जादा पैसे भरले की तीच गाडी 73नं पळते. यांनी शोरूममध्येच भरून टाकले. संध्याकाळी पुनावळ्याच्या भुयारी मार्गात काटा दहाच्या पुढे सरकत नाही, त्यामुळे वरचे दहा किलोमीटर अजून कोरेच आहेत. पण आहेत, आणि कायमचे आहेत.

फोटोंवरही त्यांनी अखेर तोडगा काढलाय. पीक्लाउड ही स्विस कंपनी एकरकमी पैसे घेऊन ‘लाइफटाइम’ जागा देते. अटी त्यांनी रात्री जागून वाचल्या. लाइफटाइम म्हणजे 99 वर्षं किंवा खातेदाराचं आयुष्य, यांतलं जे आधी संपेल ते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कंपनीला ईमेल धाडला: फॉर्ममध्ये नॉमिनीचा रकाना दिसत नाही, कृपया कळवावे.