साहेब रजेवर, जव्हार हजर

जामसरच्या माणसाला जव्हार तोंडपाठ असतं, पण कागदांपुरतं. कचेरी, बँक, झेरॉक्सचं दुकान, दवाखाना आणि परतीची जीप. त्यापलीकडचं जव्हार मुंबई-नाशिकहून येणाऱ्यांना ठाऊक. आम्हाला ‘जेवणानंतर या’ एवढंच ठाऊक.

म्हणून १ मे रोजी निघालो. ‘‘भावोजी, आज सगळं बंद असतं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘म्हणूनच चाललोय.’’ तरी तिने आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो पिशवीत सरकवलेच. कधी काय मागतील, नेम नाही!

भरल्याशिवाय जीप हलत नाही, आणि कचेरी बंद असताना जव्हारला जाणार कोण? करवंदांच्या पाट्या घेऊन बायका चढल्या तेव्हा कुठे गाडी सुटली. कामगार दिनाला कामावर निघालेल्या तेवढ्याच.

जव्हारात झेंडावंदन उरकून साहेबलोक घरी गेले होते. कचेरीला कुलूप. एरवी बूड टेकायला जागा नसलेल्या पायरीवर एक कुत्रा पाय ताणून झोपला होता. सवयीने मी त्याच्या मागे नंबर लावून उभा राहिलो.

नंबर लागेना, तेव्हा झाडीतल्या जयविलास राजवाड्याकडे वळलो. मुकणे राजांचं हे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं. १९६० साली महाराष्ट्र झाला, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. राजा गेला, राज्य बदललं, जिल्हा बदलला. अर्जाला फोटो मात्र लागतातच.

वाटेत सकाळचीच एक बाई भेटली. पानाच्या द्रोणात तिने करवंदं भरली, वर मूठभर जास्त टाकली. ‘‘हाफिस बंद, मग आलास कशाला?’’

‘‘गाव बघायला.’’

ती इतकी हसली की आणखी मूठभर पडली.

चिकाने चिकटलेले ओठ घेऊन हनुमान पॉइंटची दरी पाहिली आणि सनसेट पॉइंटला भरदुपारीच पोचलो. म्हणजे वेळेआधी बरेच तास. पण वाट बघण्यात आमचा हात कोण धरणार? बसून राहिलो. सूर्य ठरल्या वेळी आला, समोरच्या डोंगराआड जायचं काम त्याने चोख केलं. ‘उद्या या’ म्हणाला नाही, झेरॉक्स मागितली नाही.

जव्हारात माझं एका फेरीत झालेलं हे पहिलंच काम. पोचपावती तेवढी मिळाली नाही. त्यामुळे घरी कुणी विश्वास ठेवत नाही.