एक नंबरचा चेंडू

गोल्फ मी खेळत नाही. पण गोल्फचा चेंडू कोणता घ्यावा, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. मत बाळगायला जागा लागत नाही, हे डोंबिवलीकराला लहानपणापासून ठाऊक असतं.

ही मतं साडूंमुळे झाली. साडू आमचे ठाण्याचे; त्यातही घोडबंदर रोडचे, त्यातही सत्ताविसाव्या मजल्यावरचे. त्यांच्या संकुलात पोडियमवर 'पटिंग ग्रीन' आहे, म्हणजे प्लॅस्टिकची हिरवळ आणि तिच्यात एक भोक. त्या भोकाच्या भरवशावर साडू निवृत्तीनंतर गोल्फर झाले, आणि आता रविवारी सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर जातात. दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा त्यांनी खिशातून चेंडू काढून चिवड्याच्या बशीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "बघा, एक नंबर! आपण एक नंबरशिवाय हात लावत नाही."

हे मला सोसवेना. फ्लॅटचा कार्पेट एरिया, मुलांचे टक्के, एवढंच काय, रक्तातली साखरसुद्धा. सगळ्यांत साडू माझ्या वरचढ. आता चेंडूतही पहिले? त्या रात्री मी अभ्यासाला बसलो. बारावीला एवढा बसलो असतो तर घोडबंदर रोडला आज मी असतो.

अभ्यासाचं फळ गोड निघालं. तो एक आकडी नंबर म्हणजे गुणवत्ता नव्हे, नुसता हजेरीपटावरचा नंबर. डझनाच्या खोक्यात तीन-तीन चेंडूंच्या चार डब्या असतात; सहसा एका डबीतल्या तिन्हींवर १, दुसरीत २, मग ३, मग ४. दोघांचे चेंडू एकाच कंपनीचे निघाले तर कुठला कुणाचा हे कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. पहिला आणि चौथा एकाच साच्यातले. आता तर मागाल तो दोन आकडी नंबरही छापून मिळतो. रोरी मॅकिलरॉयच्या चेंडूवर २२ असतं, कारण त्याचं लग्न २२ एप्रिलचं. (हे मी घरात सांगितलं नाही. नसत्या अपेक्षा वाढतात.)

तीन आकडी नंबर दिसला, तर ती सहसा चेंडूवरच्या खळ्यांची संख्या. एका नामांकित चेंडूवर पूर्वी ३९२ छापलेलं असे. बहुतेक चेंडूंना तीनशे ते चारशे खळ्या असतात. एकोणिसाव्या शतकात गटापर्चा या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत चेंडू वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नव्या कोऱ्या चेंडूपेक्षा मार खाऊन ओरखडलेला चेंडू लांब आणि सरळ जातो. खळ्यांमुळे हवा चेंडूला धरून वाहते आणि मागे खेचणारी ओढ कमी होते. गुळगुळीत चेंडू त्याच फटक्यात जेमतेम निम्मं अंतर जाईल. ८०, ९०, १०० हे आकडे एके काळी चेंडू किती दाबला जातो ते सांगायचे. आकडा मोठा तितका चेंडू कडक, आणि तितका फटका जोरकस हवा. साडूंना नव्वदचा चेंडू हवा होता. साडूंच्या फटक्याला नव्वदचा चेंडू दबणार नाही. त्याला दबण्याचं काही कारणच वाटणार नाही.

आता आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर एक सांगतो. आकडे आणि अक्षरं वाचण्यात मध्य रेल्वेच्या माणसाचा हात कुणी धरू नये. फलाटावरच्या इंडिकेटरवर 'के' म्हणजे कल्याण, 'ए' म्हणजे अंबरनाथ, 'बीएल' बदलापूर, 'टीएल' टिटवाळा. इथवर कुणालाही जमेल. पण कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन' का? कारण कल्याणला मार्ग फुटतो, एक फाटा आग्नेयेला कर्जतकडे आणि दुसरा ईशान्येला कसाऱ्याकडे; म्हणून साउथचा एस, नॉर्थचा एन. शेजारी पुन्हा 'एस' दिसला तर तो स्लोचा. पुढे बारा डबे की पंधरा, हे पाहून फलाटावर चार पावलं पुढे उभं राहायचं की मागे, ते ठरवायचं. हे सगळं मान वर करून, घाम पुसत, एका क्षणात. एवढी विद्या असून आमच्यातला जो तो 'सात सत्तेचाळीसवाला' म्हणून मिरवतो. सात सत्तेचाळीस ही काही सात बावन्नपेक्षा थोर गाडी नव्हे. उलट तिच्यात उभं राहायला मिळालं तरी लोक पेढे वाटतात. डोंबिवलीला चढता येत नाही म्हणून आधी उलटं कल्याणला जाऊन, तिथून बसून येणाऱ्यांची तर वेगळीच जात. आणि ठाणेकरांचं काय सांगावं! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटर धावत ठाण्याला आली, हे ते असं सांगतात, जणू इंजिनात कोळसा त्यांच्याच आजोबांनी घातला. त्या गाडीच्या १४ डब्यांत सुमारे ४०० माणसं होती. एवढी आता सकाळी आमच्या एका डब्यात असतात, आणि दारात लटकणारी वेगळी. असो. मुद्दा असा, की नंबर हे नुसतं नाव असतं. त्याची पदवी आपण करतो.

अभ्यासात एक नियम मात्र मनाला लागला. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९पूर्वी पाच मिळत. आणि चेंडू समोर दिसला, पण तो आपलाच हे सांगता आलं नाही, तर तो हरवला असंच धरतात. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन चेंडू गवतात शेजारी पडले आणि कुठल्यावरच खूण नसली, तर दोघांचेही हरवले. म्हणून जाणते खेळाडू मार्करनं ठिपका, रेघ, आद्याक्षर असं काहीतरी काढून ठेवतात.

आमची आई भांड्यांवर नाव घालून घेत असे, ते याचसाठी. बोहारणीकडून घेतलेलं साधं पातेलंसुद्धा नावाशिवाय मांडणीवर चढत नसे. टिंबाटिंबांची ती अक्षरं, खाली तारीख. चाळीत भांडी घरोघर फिरायची; कुणाच्या घरी भाजी, कुणाकडे खरवस, आणि नाव वाचून ज्याचं त्याच्याकडे परत. पुढे चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहिला, माणसं बदलापूर, टिटवाळा, वांगणी अशी इंडिकेटरभर पांगली. सामान हलवताना आमच्या खोक्यात शेजारच्या काकूंचा एक डबा आला. 'चि. सौ. कां.' पासून तारखेपर्यंत सगळं त्यावर स्वच्छ आहे. फक्त काकू कुठे आहेत, ते कुणाला माहीत नाही. आम्ही त्यात काही भरत नाही. दर दिवाळीला तो घासून परत माळ्यावर ठेवतो.

तर चेंडूची निवड. दोन थरांचा, चिवट आवरणाचा चेंडू स्वस्त, टिकाऊ आणि लांब जाणारा. तीन-चार थरांचा, युरेथेनच्या आवरणाचा चेंडू भोकाजवळ फिरकी घेऊन थांबतो आणि डझनाला सहज चार आकडी भाव खातो. ज्याचा चेंडू भोकाजवळ पोचतच नाही, त्यानं फिरकीचे पैसे का भरावेत? सुरुवात करणाऱ्यानं दोन थरांचा, मऊ, आणि झुडपात गेला तर जेवण कडू होणार नाही असा घ्यावा. नंबर मात्र चार. खोकं उघडलं की बहुतेक जण एकपासून सुरुवात करणार, म्हणजे एक नंबरचीच गर्दी.

हे सगळं मी साडूंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे करंजी संपवली आणि विचारलं, "मग तुम्ही काय खूण कराल?"

"पूर्ण नाव. खाली डोंबिवली, कंसात पूर्व."

"अहो, चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर. कंस मावायचा नाही."

"मग अक्षर बारीक काढू," मी म्हणालो. "कंस गाळला तर ज्याला सापडेल तो चेंडू घेऊन पश्चिमेला हिंडत बसेल."