एकदाच घेणारे अण्णा

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा कुठलीही वस्तू आयुष्यात एकदाच घेतात. काकूंचा मिक्सर लग्नातला आहे. त्याची पाती इतकी गुळगुळीत झाली आहेत, की ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला काकू आमच्याकडे येतात. पण मिक्सर चांगला घेतला होता, असं अण्णा आजही सांगतात. त्यांची छत्रीही अशीच अस्सल. तिची काडी बसवून देणारा माणूस वारला, तेव्हापासून पावसाळ्यात अण्णा माझी छत्री नेतात. दर वर्षी सटरफटर खर्च करत बसण्यापेक्षा एकदाच काय तो सणसणीत करावा, हे त्यांचं अर्थशास्त्र. त्यात त्यांचे पैसे खरोखर वाचतात.

अशा माणसाला गाडीचा एअर फिल्टर खुपणारच. दर सर्व्हिसिंगला मेकॅनिक तो काढून दाखवणार, "काका, पार काळा झालाय, हवा मारून भागणार नाही" म्हणणार आणि बिलात तीनशे वीस रुपये लावणार. आणि कशाचे, तर घड्या घातलेल्या कागदाचे! "रद्दी आपण विकतो. विकत घेत नाही," अण्णा म्हणाले.

मग नाना पेठेत एका दुकानदाराने त्यांना कापडी फिल्टर दाखवला. सुती जाळीच्या घड्या, त्यांना आधाराला तारेची जाळी, वर लालसर तेलाचा हात. मळला की धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल लावायचं. 'हवा जास्त, पॉवर जास्त' हे दुकानदाराचं पालुपद अण्णांनी ऐकलंच नाही. धुता येतो, एवढ्यावरच ते विरघळले. सहा हजार रुपये मोजून फिल्टर घरी आला. कागदाच्या हिशेबाने ते फिटायला जवळजवळ एकोणीस वर्षं लागणार होती आणि गाडी आधीच नऊ वर्षांची होती. पण हे बोलून दाखवायचं कुणी?

पंधरा दिवसांत त्यांनी या जातीच्या फिल्टरची वंशावळ पाठ केली. मूळपुरुष के अँड एन, 1969 साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचा. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनाल्ड या दोन मोटरसायकलवाल्यांच्या नावांची ती आद्याक्षरं. अण्णांचा फिल्टर दुसऱ्याच घराण्यातला होता, पण पूर्वज सगळ्यांचे. मूळ कंपनी दहा वर्षं किंवा दहा लाख मैलांची हमी देते. यातली दहा वर्षं अण्णांनी सोडून दिली आणि मैल धरले. दहा लाख मैल म्हणजे सोळा लाख किलोमीटर. अण्णांची गाडी वर्षाला सहा हजार चालते. पानिपतला निघताना भाऊसाहेबांनी असा फिल्टर बसवला असता, तर तो आत्ता कुठे बदलायला आला असता.

त्यानंतर जिन्यात कुणीही भेटो, अण्णा त्याला हवा ऐकवायचे. "एक लिटर पेट्रोल जाळायला हवा किती लागते, सांग बरं? नऊ हजार लिटर! गच्चीवरच्या हजार-हजारच्या नऊ टाक्या! आणि ही सगळी तू कागदातून ओढतोस?" आकडा बरोबर होता. एक किलो पेट्रोलला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, तिचा हिशेब तेवढाच येतो. दूधवाल्याने तर हे ऐकून आमच्या मजल्यावर यायची वेळच बदलली.

मीही एकदा तोंड उघडलं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 साली हे तपासलंय, म्हटलं. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडत नाही, पिकअप तेवढा मार खातो. तुम्ही सिंहगड रस्त्यावर अर्धवट पाय ठेवून गाडी हाकता, तेव्हा थ्रॉटलच्या झडपेनेच हवेचा गळा धरलेला असतो. तिथे फिल्टर मोकळा असून काय उपयोग?

अण्णा क्षमाशील हसले. "ती अमेरिकेची हवा, बाबा. आपल्या रस्त्यावर धूळ किती!"

आता धूळ हा तर कागदाच्या बाजूचा मुद्दा. कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण बारीक धूळही सहसा थोडी जास्त सोडतो. कागद मात्र जरा मळला, की धूळ आणखीच घट्ट धरतो. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत अण्णा माझी छत्री घेऊन जिना उतरले होते.

खरा सोहळा धुण्याचा. वर्षात धुवायची काही गरज नव्हती, पण वस्तू धुता येते आणि धुवायची नाही, हे अण्णांच्या स्वभावात बसत नाही. पाणी आतून बाहेर सोडायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. हवा मारायची नाही, ऊन-इस्त्री काही नाही, सावलीत वाळवायचा. जुलै महिना. फिल्टर दोन दिवस हॉलमधल्या पंख्याखाली होता. त्या दोन दिवसांत गाडी जागची हलली नाही आणि काकूंनी रिक्षाला चारशे रुपये घातले. ते चारशे अण्णांच्या हिशेबात कुठेच नाहीत.

मग तेल. पुस्तिकेत बेताने लावा असं लिहिलं होतं. पण अण्णांच्या घरी लोणच्यावर तेल चार बोटं तरंगल्याशिवाय बरणीला दादरा बांधत नाहीत. त्यांनी सबंध बाटली जिरवली. तिसऱ्या दिवशी स्वारगेटच्या सिग्नलला गाडी आचके देऊ लागली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची नाजूक तापती तार तेलाने माखली होती. मेकॅनिकने झाकण उघडलं आणि विचारलं, "काका, तेल लावलंय की फोडणी दिलीय?"

सेन्सर साफ झाला. फिल्टर मात्र पुन्हा धुऊन वाळवायला हवा होता आणि दुसऱ्या दिवशी सासवडला काकूंच्या भाचीचा साखरपुडा होता. अण्णा बँकेत गेले होते. काकू खाली आल्या. त्याच मॉडेलची गाडी माझीही आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मी आदल्याच दिवशी कागदी फिल्टर आणलाय, हेही. मेकॅनिकने तो पाच मिनिटांत बसवला. अण्णा परतल्यावर त्यांना एवढंच सांगितलं, की आता दोन वर्षं झाकणाला हात लावायचा नाही.

साखरपुड्याला त्यांच्याच गाडीतून आम्हीही गेलो. दिवे घाटाच्या वळणावर अण्णांनी गिअर बदलला, गाडी सरसर चढली आणि ते मागे वळून मला म्हणाले, "बघ! आता कागद असता तर?" काकूंनी खिडकीची काच खाली केली.

कापडी फिल्टर काकूंच्या कपाटात आहे, पैठणीखाली, दोन पिशव्यांत गुंडाळून. माझे तीनशे वीस रुपये यायचे आहेत, पण मागायचे तर अण्णांना सगळं सांगावं लागेल.