स्कोअरपंत

"काय पंत, कसे आहात?" असं विचारलं की आमच्या सोसायटीतले स्कोअरपंत "सातशे ब्याऐंशी" असं उत्तर देतात. सोसायटीत नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, साखर. तो घाबराघुबरा होऊन जिना चढतो आणि वहिनींना म्हणतो, "अहो, यांना आधी दवाखान्यात न्या." वहिनी शांतपणे सांगतात, "नाही हो, ते त्यांचं सिबिल. गेल्या महिन्यापेक्षा चारने वाढलंय, म्हणून आज स्वतःहून दळण आणून दिलंय."

पंतांचं खरं नाव खालच्या बोर्डावर आहे, पण ते आता फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी अंधेरीला एका कंपनीच्या हिशेबखात्यात, बिऱ्हाड डोंबिवली पूर्वेला. राहणी साधी. पाकीट मात्र असं फुगलेलं की फास्ट लोकलमध्ये पाकीटमाराला मोह व्हावा. त्यात नोटा नसतात, कार्डं असतात. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर सेलोटेपने चिकटवलेली एक चिठ्ठी: 'हॉटेल', 'वीजबिल', 'औषधं', 'फक्त सणासुदीला'. एकावर लिहिलंय, 'वापरू नये, वय वाढू द्यावे'. हे त्यांचं पहिलं कार्ड. सगळ्यात जुनं खातं बंद केलं की पत-इतिहासाचं वय घटतं, म्हणून त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं जपायचं. वर्षातून दोनदा त्यावर मोबाईलचा रिचार्ज होतो, आणि ते पुन्हा पाकिटात झोपतं.

ही सगळी खटपट प्रवासाच्या कार्डासाठी. ज्यावर खर्च केला की पॉइंट जमतात, पॉइंटांचे मैल होतात, मैलांचं विमान-तिकीट होतं आणि उड्डाणाआधी लाऊंजमध्ये इडली मिळते, असं ते कार्ड. पण ते कार्ड बँक येणाऱ्याजाणाऱ्याला देत नाही. पगार बघते, रिटर्न बघते, आणि सिबिलच्या ३०० ते ९०० च्या पट्टीवर तुम्ही कुठे उभे आहात ते बघते. ७५० च्या वर असाल तर "या, बसा" म्हणते.

पंत पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना उभंही केलं नाही. कारण काय, तर त्यांच्या नावावर एकही कर्ज नव्हतं. ब्लॉक वडिलांचा, स्कूटर रोखीने घेतलेली, फ्रिज बोनसमधून. रिपोर्टात आकड्याच्या जागी होतं उणे एक. म्हणजे माणूस वाईट असं नव्हे, माणसाचा इतिहासच नाही.

घरी येऊन त्यांनी हे आप्पांना सांगितलं. आप्पा मध्य रेल्वेतून निवृत्त. दिवेलागणीच्या वेळी या घरात 'कर्ज' हा शब्द उच्चारायचा नाही, असा त्यांचा दंडक. ब्लॉक घेतला तोही प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलून आणि आईच्या पाटल्या मोडून. त्यांचा रिपोर्ट काढला तर तोही उणे एक. "आयुष्यभर कुणाची पै ठेवली नाही," आप्पा कडाडले, "आणि हे म्हणतात उणे एक? निदान शून्य तरी द्यायचं!" सिबिलची स्थापनाच मुळी २००० सालची. त्याआधीचा आप्पांचा प्रामाणिकपणा वाण्याच्या वहीत होता, आणि ती वही कुणी संगणकावर चढवली नव्हती.

मग पंतांनी अभ्यास सुरू केला. बँकेत पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवली आणि त्या ठेवीवर वीस हजार लिमिटचं कार्ड घेतलं. म्हणजे स्वतःचेच पैसे बँकेकडे गहाण ठेवायचे, तेच बँकेकडून उसने घ्यायचे, वेळेवर परत करायचे आणि तिच्याकडून शाबासकी मिळवायची. आप्पांना हा व्यवहार तीनदा समजावून सांगितला. चौथ्यांदा त्यांनी ऐकण्याचं यंत्र काढून ठेवलं.

लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं, हा या पंथाचा पहिला नियम. वीस हजारांचे तीस टक्के, म्हणजे सहा हजार. त्या महिन्यात वाण्याकडे बिल चुकतं करताना पंतांच्या ध्यानात आलं की एकूण आकडा ६,०४० वर जातोय. त्यांनी पिशवीतली काजूकणी काढून परत काउंटरवर ठेवली. वाणी म्हणाला, "राहू द्या साहेब, चाळीस रुपये नंतर द्या." पंत म्हणाले, "प्रश्न पैशांचा नाही, प्रमाणाचा आहे." त्या दिवाळीत शिरा काजूंशिवाय झाला. पुढे त्यांना कळलं की बँक बहुधा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी वर कळवते. मग ते स्टेटमेंटच्या आदल्या दिवशीच पैसे भरून टाकू लागले, आणि काजू घरात परत आले.

ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच ती थकबाकी म्हणून कळवायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पंतांना तो पाठ आहे, पण ती सवलत त्यांनी एकदाही घेतलेली नाही. त्यांच्या रिपोर्टात महिन्यांची एक रांग आहे आणि प्रत्येक महिन्याखाली तीन शून्यं: शून्य दिवस उशीर. पाहुणे आले की चहाबरोबर ती रांग दाखवतात. आपल्या मुलीला गणितात पडलेलं एक शून्य ज्यांनी महिनाभर ऐकवलं, तेच पंत इथे शून्यांवरून बोट फिरवत म्हणतात, "बघा, एकही डाग नाही."

देशात पतमापन करणाऱ्या कंपन्या चार: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. २०१७ पासून प्रत्येकीने वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम. फुकट म्हटल्यावर पंत सोडतात थोडंच! पाडव्याला एक, अक्षय्य तृतीयेला एक, दसऱ्याला एक. चौथा बलिप्रतिपदेला, पण तो मुहूर्त अर्धाच. त्या अर्ध्यावर कुठल्या कंपनीला बसवावं, याचा निर्णय त्यांच्याकडून अजून झालेला नाही.

नव्या कार्डासाठी अर्ज केला की रिपोर्टात चौकशीची नोंद होते आणि स्कोअर थोडा उतरतो. म्हणून एका अर्जानंतर पंत चातुर्मास पाळतात. त्या काळात बँकेच्या पोरींचे फोन आले तरी "सध्या चालत नाही" एवढंच म्हणून ठेवतात. साडूने गृहकर्जाला जामीन राहा म्हटलं, तेव्हाही नकार. जामीन राहिलं की ते कर्ज जामिनाच्याही रिपोर्टात दिसतं. साडू वर्षभर बोलत नव्हता. पंत म्हणाले, "नातं काय, सुधारता येतं."

ऑफिसातले लोक जेवायला गेले की बिलावर पहिली झडप पंतांची. "मी देतो, मी देतो!" हे औदार्य पाहून नवा शिपाई भारावतो. पाच मिनिटांत ग्रुपवर हिशेब पडतो: माणशी ३१२ रुपये, लगेच पाठवा. सोळा जणांचे पॉइंट पंतांचे. जगातली सगळी दुकानं त्यांना पॉइंट ठरवणाऱ्या चार आकडी कोडांनी ओळखता येतात. वाणी म्हणजे ५४११, औषधवाला ५९१२, हॉटेल ५८१२. पाडव्याला वहिनींनी, सासूबाईंच्या मोडलेल्या पाटल्यांची आठवण काढत, नव्या पाटल्यांचा विषय काढला. पंत गंभीर झाले. "एकोणसाठ चव्वेचाळीस? सोनाराकडे माझ्या कार्डाला पॉइंट नाहीत गं." पाटल्या राहिल्या त्या राहिल्याच.

हा माणूस उधळ्या आहे असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. मंडई उठायच्या वेळी जाऊन उरलेली मेथी निम्म्या भावात आणणाऱ्या आप्पांचा हा मुलगा. काटकसर रक्तातच. फक्त बापाने ती कर्ज न काढून केली, मुलगा कर्ज काढून करतो. आप्पा भाजीवाल्याला घासाघीस करून जेरीस आणायचे. पंत बँकेला आणतात.

बँक मात्र जेरीला येत नाही, कारण तिचं पोट दुसरीकडे भरतं. तळमजल्यावरच्या पोराने नोकरी लागल्या लागल्या कार्डावर फोन घेतला आणि तो दरमहा 'मिनिमम ड्यू' भरत राहिला. पंतांनी त्याला एका रविवारी घरी बोलावलं आणि वहीत मांडून दाखवलं: बाकी ४०,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४००. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २५२. तू भरलेस २,०००. मुद्दलातून गेले ३४८. पोराचा चेहरा उतरला. "पतपेढीतून कर्ज काढ, हे एकदम फेड, आणि फिटेपर्यंत हे कार्ड माझ्या कपाटात ठेव," पंत म्हणाले. पोराने तसं केलं आणि सुटला. वहिनींना नवऱ्याचा फार अभिमान वाटला. रात्री जेवताना पंत म्हणाले, "पण हे सगळ्यांना शिकवून चालणार नाही. सगळेच शहाणे झाले तर लाऊंजमधली इडली कोण देणार?"

२०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची बातमी पेपरात आली: मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडलं. पंतांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. तेव्हापासून नात्यात स्थळ आलं की गुरुजींच्या शेजारी पंतांचा पाट. "मंगळ असला तर शांत आहे," ते म्हणतात. "रिपोर्टात 'सेटल्ड' असेल तर कसली शांत करणार?" भाच्याचं लग्न त्यांनीच जुळवलं. गुण छत्तीसपैकी एकोणीस, पण दोन्हीकडे साडेसातशेच्या वर.

दरम्यान आप्पांनाही ठेवीवरचं कार्ड काढून दिलं होतं. त्यावर महिन्याची औषधं, बस्स. दुसऱ्याच दिवशी आप्पा स्वतः बँकेत जाऊन पैसे भरायचे आणि पावतीवर शिक्का मागायचे. काही महिन्यांनी रिपोर्ट आला: ७९१. पंतांपेक्षा नऊने जास्त! पंतांनी पाया पडून पेढा दिला.

"आता काय मिळेल?" आप्पांनी विचारलं.

"कर्ज."

"काढायचंय कुणाला?"

"काढायचं नाही हो आप्पा. मागितलं तर मिळतं, एवढंच सिद्ध करायचं."

शेवटी ते प्रवासाचं कार्ड पंतांना मिळालं, पॉइंट साठले आणि डिसेंबरात सगळे कुलदेवतेला, गोव्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गेला, निघाले. ठाण्याला वंदे भारत पकडली असती तर दुपारी मडगाव, तिथून फोंडा हाकेवर. पण पॉइंट बसत होते ते मोपाच्या विमानाला, म्हणून मोपा. विमान साडेअकराचं. पहाटे पाचलाच टॅक्सी निघाली, कारण लाऊंजला तीन तास तरी हवेत. लाऊंजबाहेर चेक-इनपेक्षा मोठी रांग होती. दोन रुपयांचा स्वाइप झाला आणि पंत आत गेले. आप्पांच्या कार्डाला लाऊंज नव्हतं आणि पैसे भरून आत जायला ते तयार नव्हते. ते बाहेरच्या खुर्चीवर बसून सुनेने केलेले धपाटे खात राहिले. पंत तीनदा वाढून घेऊन, बेल्ट सैल करत बाहेर आले. "आप्पा, हीच इडली बाहेर घेतली असती तर तीनशे रुपये पडले असते."

"बाहेर घेतलीच नसती," आप्पा म्हणाले.

मोपाहून कवळ्यापर्यंतच्या टॅक्सीने तिकिटात वाचलेले पैसे सव्याज वसूल केले. परत आल्यावर वहिनींनी हिशेब मांडला: तिकिटांवरचे कर, डोंबिवलीची टॅक्सी, गोव्याची टॅक्सी, परतीचं तेच. "पाच जणं रेल्वेने जाऊन चार दिवस जास्त राहून आलो असतो," त्या म्हणाल्या. पंत म्हणाले, "हो, पण टॅक्सी कार्डावर केली ना! अर्ध्या तिकिटाचे पॉइंट परत आले."

"मग उरलेलं अर्धं मी आणते," वहिनी म्हणाल्या आणि भाच्याच्या लग्नासाठी त्यांना दादरला पैठणीच्या दुकानात घेऊन गेल्या.

पैठणी पसंत पडली. पंतांनी कार्ड काढलं. दुकानदार म्हणाला, "रोख दिलेत तर पाच टक्के कमी करतो." पंतांचा हात हवेतच थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच काटकसरीपुढे काटकसर उभी राहिली होती. पाच टक्के सूट एकीकडे. दुसरीकडे पॉइंट, एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे, गादीवर मांडलेल्या दुकानाचा कोड ५६५१ असावा, शिवाय वर्षाच्या ठरावीक खर्चाला थोडेच कमी पडत होते. तो आकडा गाठला तर वार्षिक फी पाच हजार अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० माफ. त्यांनी मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडला.

"तुमचं गणित सुटेपर्यंत मी दुसरी बघते," वहिनी म्हणाल्या.

गणित सुटलं तेव्हा दोन पैठण्या बांधून झाल्या होत्या आणि कार्ड वहिनींनीच मशीनला लावलं होतं. फी माफ झाली. ५,९०० रुपये वाचले, असं पंत लग्नात भेटेल त्याला सांगत होते. शेजारी नव्या पैठणीत उभ्या असलेल्या वहिनी मान डोलावून म्हणत होत्या, "पुढच्या वर्षीही वाचवायचेत."